तोंडी सगळं येतं, लिहायची वेळ आली की उठतो: नेहमीच्या वर्गातल्या मुलाला मदत कशी करायची

प्रश्न असा आहे. चौथीच्या वर्गात नऊ वर्षांचा एक मुलगा. तोंडी उत्तरं चांगली देतो, ऐकलेली गोष्ट बारकाव्यांसह सांगतो. वाचताना मात्र अडखळतो, फळ्यावरचं अर्धंच उतरवतो आणि लिखाण सुरू झालं की जागेवरून उठतो. शाळेत विशेष शिक्षक नाहीत. पूर्ण वेळ मदतनीस मिळाला तर प्रश्न सुटेल असं पालकांना वाटतं, तर आधी निदान व्हायला हवं असं वर्गशिक्षिकेचं म्हणणं. सुरुवात कुठून करायची?

निदानासाठी जरूर पाठवा, पण त्यासाठी थांबून राहू नका. निदानाचा कागद हातात आला तरी त्यावर अध्ययन अक्षमता (बुद्धी चांगली असूनही वाचन-लेखन जड जाणं) किंवा एडीएचडी (लक्ष टिकवणं आणि स्थिर बसणं जड जाणं) असं नाव असेल, काही गुण असतील. उद्या तिसऱ्या तासाला काय करायचं, हे त्यात क्वचितच असतं. ते कळतं काम नेमकं कुठल्या पायरीवर अडतंय ते बघितल्यावर, आणि हे बघण्यासाठी वर्गशिक्षकापेक्षा चांगल्या जागी दुसरं कोणी नाही.

त्याआधी डोळे आणि कान तपासून घ्या. हे सगळ्यांना माहीत असतं आणि नेमकं हेच राहून जातं. भिंतीवरचा तक्ता वाचता आला म्हणजे नजर चांगली, असं नाही. त्यातून फक्त लांबचं कळतं. ज्या मुलांना जवळचं बघताना ताण पडतो ती तक्ता सहज वाचतात आणि पुस्तकावर दहा मिनिटांत डोळे चोळायला लागतात. म्हणून जवळच्या नजरेची तपासणी वेगळी मागा. कानांचंही तसंच. लहान मुलांच्या मध्यकर्णात द्रव साचला की ऐकणं कमी-जास्त होत राहतं. सर्दीच्या दिवसांत कमी, एरवी बरं. अशा मुलाबद्दल 'त्याला हवं तेव्हा बरोबर ऐकू येतं' असं बोललं जातं. पाठीमागून हाक मारून बघणं ही तपासणी नव्हे, श्रवणतज्ज्ञाकडून ऑडिओमेट्री, म्हणजे यंत्रानं ऐकण्याची मोजणी, करून घ्या. आणखी एक: बोलता-बोलता मूल काही सेकंद थिजतं, नजर स्थिर होते, मग काहीच न झाल्यासारखं पुढे बोलायला लागतं, असं दिवसातून अनेकदा होत असेल तर ते स्वप्नरंजन म्हणून सोडून देऊ नका. तो अपस्माराचा (फिट येण्याच्या आजाराचा) एक प्रकार असू शकतो. वेळ आणि तारीख लिहून ठेवा आणि डॉक्टरांना दाखवायला सांगा.

आता निरीक्षण. फळ्यावर दहा शब्दांचं एक वाक्य लिहा आणि मुलाच्या थोडं बाजूला उभं राहून मोजा: वाक्य पुरं होईपर्यंत त्यानं किती वेळा मान वर केली आणि दर वेळी किती उतरवलं. सरावानं वाचणारं मूल एका नजरेत दोन-तीन शब्द उचलतं. जे मूल एका नजरेत एकच अक्षर उचलतं, वेलांटीसाठी पुन्हा मान वर करतं, ते वाचत नसतं. आकार बघून काढत असतं. दहा शब्दांसाठी त्याला तीस-चाळीस वेळा वर बघावं लागतं, तेवढ्यात ओळ हरवते आणि बाकीचा वर्ग पुढच्या प्रश्नावर गेलेला असतो.

मग तेच काम थोडं बदलून द्या. तेवढ्याच लांबीचं वाक्य चिठ्ठीवर लिहून त्याच्या बाकावर ठेवा. आता भरभर उतरवलं, तर अडचण फळ्याशी आहे: नजर, अंतर किंवा वर-खाली बघताना जागा न सापडणं. तरीही तितकाच वेळ लागला, तर दुसरं वाक्य तोंडी सांगून लिहायला द्या. शब्द गळत असतील तर वाक्य डोक्यात धरून ठेवणं जड जातंय. शब्द सगळे आहेत पण काना-मात्रा चुकतात, तर आवाज आणि अक्षर यांची जोडी पक्की नाही. शेवटी त्याला रोज लिहून पाठ झालेलं काहीतरी, समजा स्वतःचं नाव आणि शाळेचं नाव, तीनदा लिहायला सांगा. तिथेही हात दुखतो, अक्षर मोठं-लहान होतं, पेन्सिलीचं टोक मोडतं, तर हाताचा प्रश्न आहे. असे चार प्रयोग दोन दिवसांत बसतात आणि 'लिहीत नाही' या एका तक्रारीचे चार वेगळे अर्थ समोर येतात. प्रत्येकाचा उपाय वेगळा आहे. हे न बघता सरसकट शुद्धलेखनाची पानं भरायला दिली, की मूल लेखनाचा तिरस्कार करायला शिकतं.

उठून जाण्याची नोंदही अशीच ठेवा. पाच दिवस, तीन रकाने: उठण्याआधी काय चाललं होतं, त्यानं काय केलं, नंतर लगेच काय झालं. 'मस्ती केली' असं लिहू नका. 'पाणी प्यायला गेला, चार मिनिटांनी आला' असं लिहा. तिसरा रकाना सर्वात महत्त्वाचा आणि तोच बहुतेकदा रिकामा सापडतो. लिखाण सुरू झाल्यावर दोन मिनिटांत उठतो आणि त्याबद्दल वर्गाबाहेर उभा केला जातो, असा नमुना दिसला, तर शिक्षेमुळे त्याची लिखाणातून सुटका होतेय. उठणं वाढणारच. अशा वेळी काम सोपं करून ते पूर्ण करून घेणं आणि न उठता मदत मागायचा मार्ग देणं, या दोन गोष्टी एकत्र कराव्या लागतात. बाकावर एक रंगीत पट्टी ठेवा. ती उभी केली की 'अडलोय' असा अर्थ. पहिले काही दिवस पट्टी दिसताक्षणी जा. तिथे उशीर झाला तर तो पुन्हा उठायला लागेल, कारण उठल्यावर लक्ष ताबडतोब मिळतं. ज्याला खरोखर हालचालीची गरज आहे त्याला हालचालीचं काम ठरवून द्या: वह्या वाटणं, फळा पुसणं, आपलं पूर्ण झालेलं काम टेबलापर्यंत आणून दाखवणं.

वाचनाबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण अशा मुलांची बहुतेक कोंडी इथे असते. देवनागरीत आवाज आणि अक्षर यांचं नातं बरंच सरळ आहे, म्हणून शिकवायला सोपं वाटतं. पण काही जागा हमखास अडवतात. 'दिवस' वाचताना डोळ्याला आधी वेलांटी दिसते, तोंडात आधी 'द' यायला हवा. 'सूर्य'मधला 'र' कानाला 'य'च्या आधी ऐकू येतो आणि कागदावर 'य'च्या डोक्यावर बसलेला असतो. घ-ध, भ-म, प-ष, थ-य या जोड्या दिसायला जवळ. अनुस्वार गळतो, 'पुस्तक'चं 'पुसतक' होतं. म्हणून पहिली तपासणी अशी घ्या: सुटी अक्षरं, एकेक स्वरचिन्ह लावलेली अक्षरं, बिनजोडाक्षरी शब्द, जोडाक्षरी शब्द, आणि शेवटी 'किमोट', 'बेदास' असे अर्थ नसलेले दहा शब्द. हे शेवटचे फार उपयोगी. हुशार मूल ओळखीचे शब्द चित्र आणि संदर्भ यांवरून अंदाजानं सांगतं. निरर्थक शब्दात अंदाज चालत नाही, तिथे खरं वाचन उघडं पडतं.

जिथे पहिली गळती दिसली तिथून रोज दहा मिनिटं. आठवड्यातून एकदा तासभर घेण्यापेक्षा रोजची दहा मिनिटं कितीतरी जास्त टिकतात. यासाठी एक साधी पद्धत आहे; तिचं मूळ मानसशास्त्रज्ञ ऑग्डन लिंड्स्ली यांनी १९६०च्या दशकात अमेरिकेत सुरू केलेल्या कामात आहे. पाच शब्द निवडा, त्यातले तीन अडणारे आणि दोन येणारे. चाळीस चौकटींच्या तक्त्यात ते उलटसुलट क्रमानं भरा. आधी पाचही शब्द दाखवून, म्हणून घेऊन, लिहून घेऊन तयारी करा. मग एक मिनिट मोठ्यानं वाचन. बरोबर किती, चूक किती, ते वेगवेगळं मोजून त्याच्याच हातानं आलेखावर दोन टिंबं काढू द्या. मिनिटाला चाळीसच्या आसपास बरोबर आणि दोनपेक्षा जास्त चुका नाहीत, असं सलग तीन दिवस आलं की शब्द बदला. सलग तीन-चार दिवस आकडा हलला नाही तर मुलाला दोष देऊ नका, तक्ता बदला: अडणारे शब्द तीनवरून एकावर आणा.

यात दोन गोष्टी बिघडतात. पहिली, तक्त्यात येणारा शब्द पुस्तकात येत नाही, कारण चौकटीची जागा पाठ झालेली असते. म्हणून तक्ता रोज नव्यानं भरायचा आणि दर दोन दिवसांनी तेच शब्द वाक्यात वाचून घ्यायचे. दुसरी, आठ-दहा दिवस उत्साहानं चालतं आणि मग कुठल्यातरी कार्यक्रमात बंद पडतं. यावर उपाय एकच: दिवसाची वेळ आणि घेणारी व्यक्ती लिहून ठरवणं, आणि ती व्यक्ती नसेल तेव्हा कोण घेणार तेही.

घरच्यांना जोडवाचन द्या. मोठ्या माणसानं आणि मुलानं एकाच वेळी, मुलाच्या वेगानं, मोठ्यानं वाचायचं. एकट्यानं वाचावंसं वाटलं की मुलानं बाकावर टिचकी मारायची, मोठ्या माणसानं थांबायचं. अडलं तर चार-पाच सेकंद वाट बघायची, मग शब्द सांगायचा, मुलानं तो म्हणायचा आणि पुन्हा दोघांनी मिळून पुढे जायचं. रोज दहा-पंधरा मिनिटं, आठवड्यातून पाच दिवस. पालक इथे चुकतात ते परीक्षा घेऊन: 'हे काय लिहिलंय? काल सांगितलं होतं ना?' तसं करायचं असेल तर न केलेलं बरं. पुस्तक मुलानं निवडायचं. एकट्यानं वाचायचं असेल तर वीस शब्दांत एखादा अडावा एवढंच अवघड चालेल. दोनपेक्षा जास्त अडत असतील तर ते पुस्तक सध्या एकट्यानं वाचायचं नाही, सोबतीनं वाचायचं.

लेखनात सांगायचा मजकूर आणि तो कागदावर उतरवणं ही दोन कामं वेगळी करा. या मुलाचा पहिला भाग उत्तम आहे आणि शाळा त्याला फक्त दुसऱ्यावर मोजतेय. विज्ञान किंवा भूगोलाचं उत्तर तोंडी घ्या, ध्वनिमुद्रित करून घ्या, आकृतीला नावं द्यायला सांगा, फळ्यावरच्या मजकुराची प्रत द्या आणि त्यात फक्त महत्त्वाचे शब्द भरायला ठेवा. लिखाणाचं प्रमाण कमी करा, विचाराचं नको. पाच प्रश्नांऐवजी दोन, पण त्यातला 'का?'चा प्रश्न काढायचा नाही. मदत म्हणून सोपे प्रश्न ठेवून विचार करायला लावणारे गाळले जातात, हे मी फार ठिकाणी बघतो आणि त्यातून होणारं नुकसान वर्षानुवर्षं भरून येत नाही. ज्या दिवशी शुद्धलेखन शिकवायचं आहे त्या दिवशी मात्र ते स्वतंत्रपणे शिकवायचं. प्रत्येक विषयाच्या वहीत लाल खुणा करून शुद्धलेखन सुधारत नाही.

बसण्याकडेही बघा. पाय पूर्ण टेकलेले, बाकाची उंची कोपराइतकी, कागद किंचित तिरपा. पाय लोंबकळत असतील तर खाली खोका ठेवा. लहान बदल आहे, पण तोल सांभाळण्यात खर्च होणारी ताकद हाताकडे जाते.

सूचना देताना एका वेळी एक. 'वही काढा, तारीख घाला, पान बेचाळीस उघडा आणि दुसरा प्रश्न सोडवा' यातलं या मुलाच्या हाती शेवटचं किंवा पहिलंच लागतं, आणि मग तो शेजाऱ्याच्या वहीत बघतो. ती लबाडी नाही, हरवलेली सूचना शोधणं आहे. सूचना फळ्याच्या एका ठरलेल्या कोपऱ्यात थोडक्यात लिहा. प्रश्न विचारल्यावर थांबा. शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांनी १९७०च्या दशकात अमेरिकेतल्या वर्गांत मोजून दाखवलं की शिक्षक प्रश्न विचारून सरासरी एक सेकंदच थांबतात, आणि ते तीन सेकंद किंवा जास्त थांबले की उत्तरं लांब आणि विचारपूर्वक येतात. ज्या मुलाला शब्द सापडायला वेळ लागतो त्याला दहा सेकंदही द्यावे लागतात. 'तुला मी नंतर विचारणार आहे, हा प्रश्न आहे' असं आधी सांगून ठेवलं तर वर्ग खोळंबत नाही आणि त्याची फजितीही होत नाही.

आता मदतनीसाबद्दल. पालकांची मागणी मायेतून येते, पण पूर्ण वेळ शेजारी बसलेलं माणूस अनेकदा मुलाच्या आणि वर्गाच्या मधली भिंत होतं. इंग्लंड आणि वेल्समध्ये २००३ ते २००९ या काळात अशा मदतनीसांच्या, म्हणजे वर्गातल्या सहायकांच्या, कामाचा मोठा अभ्यास झाला. ज्या मुलांना सहायकांची सर्वात जास्त मदत मिळाली त्यांची प्रगती, बाकीच्या गोष्टी हिशेबात धरूनही, तशाच इतर मुलांपेक्षा कमी आढळली. कारणं माणसांच्या वाईटपणात नव्हती: शिक्षक त्या मुलाशी कमी बोलायला लागले, सहायकांना आधी तयारीला वेळच मिळाला नव्हता, आणि त्यांचा भर समजण्यापेक्षा काम पूर्ण करून देण्यावर राहिला.

म्हणून मदतनीस मिळाला तर त्याचं काम लिहून द्या. त्यानं वर्गभर फिरायचं, म्हणजे शिक्षिकेला या मुलाजवळ रोज किमान पाच-सात मिनिटं बसता येतं. मुलाजवळ असताना आधी थांबायचं. मग 'आता काय करायचं ठरलं होतं?' एवढंच विचारायचं. तरी अडलं तर एक खूण द्यायची. मग एक पायरी करून दाखवायची. उत्तर सांगणं अगदी शेवटी. मधल्या सुट्टीत दूर राहायचं. मोठं माणूस चिकटलेलं असेल तर दुसरी मुलं खेळायला जवळ येत नाहीत. शिक्षक आणि मदतनीस यांना आठवड्यातून पंधरा मिनिटं एकत्र बसायला मिळत नसतील, तर आधी ती वेळ काढा.

आराखडा एका पानाचा करा आणि त्यात तीनपेक्षा जास्त उद्दिष्टं नकोत. 'वाचन सुधारेल' हे उद्दिष्ट तपासता येत नाही. 'वेलांटीचे वीस नवे शब्द दाखवल्यावर किमान अठरा बरोबर वाचेल, सहा आठवड्यांत, रोज दहा मिनिटांच्या सरावानं, सराव कोण घेणार' हे तपासता येतं. सहा आठवड्यांनी बसून बघायचं: गाठलं, अर्ध्यावर आलं, की हललंच नाही. हललंच नसेल तर उद्दिष्ट पुढे ढकलून तेच वाक्य पुन्हा लिहू नका, पद्धत बदला. या बैठकीत मुलगा हवा. नऊ वर्षांच्या मुलाला काय जमतं, काय नको वाटतं, कुठे बसल्यावर बरं वाटतं हे स्पष्ट सांगता येतं. विचारणारं कोणी नसतं एवढंच.

'अशा मुलाला विशेष शाळेत पाठवलेलं बरं' असं कोणी म्हणालं तर हे माहीत असू द्या: १९९४ मध्ये स्पेनमधल्या सलामांका इथे ९२ सरकारांच्या प्रतिनिधींनी नेहमीच्या शाळांनी सगळ्या मुलांना सामावून घ्यावं असा जाहीरनामा मान्य केला, आणि २००६च्या संयुक्त राष्ट्रांच्या अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या कराराचं २४वं कलम समावेशक शिक्षणाला हक्क मानतं. फक्त नाव पटावर ठेवून मागच्या बाकावर बसवणं त्यात बसत नाही.

हाच मार्ग इतर गरजांनाही लागू पडतो, तपशील बदलतात. श्रवणयंत्र असलेल्या मुलासाठी अंतर आणि गोंगाट निर्णायक. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज सुमारे ६ डेसिबलनं घटतो, आणि यंत्र शिक्षकाच्या आवाजाबरोबर खुर्च्यांचं सरकणंही मोठं करतं. शिक्षकाचा आवाज पार्श्वभूमीपेक्षा १५ डेसिबल वर असावा अशी शिफारस असते. खुर्च्यांच्या पायांना जाड कापड लावणं आणि दार बंद ठेवणं इथून सुरुवात करा. फळ्याकडे तोंड करून बोलू नका, आणि दुसऱ्या मुलानं दिलेलं उत्तर स्वतः पुन्हा सांगा, कारण नेमकं तेच त्याला ऐकू आलेलं नसतं. स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलाला काम देताना चार गोष्टी डोळ्यांना दिसतील अशा मांडा: काय करायचं, किती करायचं, संपलं कसं कळणार, नंतर काय. डावीकडच्या ट्रेमध्ये तीन कामं, उजवीकडे रिकामा ट्रे, शेवटी पुढच्या तासाचं चित्र, एवढ्यावर काम होतं. अंशतः दृष्टी असलेल्या मुलाला मोठ्या अक्षरांत छापलेला मजकूर द्या, पण आधी चकाकी काढा: गुळगुळीत कागद आणि खिडकीकडे तोंड, या दोन गोष्टी बऱ्याचदा अक्षरांच्या आकारापेक्षा जास्त त्रास देतात.

परीक्षेची सवलत परीक्षेच्या आठवड्यात पहिल्यांदा वापरू नका. वाचून दाखवणारा किंवा लेखनिक मिळणार असेल तर उत्तर तोंडी बांधून सांगणं, 'इथे पूर्णविराम', 'मागचं वाक्य वाचून दाखवा' असं म्हणणं हे शिकावं लागतं. त्याला दोन-तीन महिने चाचण्यांमधून सराव हवा. जास्तीचा वेळही तसाच. काही मुलं मिळालेल्या वेळात फक्त दमतात, त्यांना तोच वेळ मध्ये पाच मिनिटांच्या विश्रांतीच्या रूपात दिला तर उपयोग होतो. जिथे वाचनच तपासायचं आहे तिथे वाचून दाखवायचं नाही, बाकी सगळीकडे दाखवायचं. कोणती सवलत प्रत्यक्ष वापरली आणि तिनं काय फरक पडला हे त्याच एका पानाच्या मागे तारखेसह लिहीत जा, म्हणजे पाचवीच्या वर्गशिक्षकांना जूनमध्ये पहिल्या दिवसापासून ते पान वापरता येईल.